फाटलेला तुकडा

तीर्थरूप बाबांना नमस्कार. रागावायच्या आधी पत्र पूर्ण वाचा.

टीव्हीवर फाटलेलं पॅराशूट पाहून तुम्ही जेवला नाहीत, असं ताईने कळवलं. ती नुसती चाचणी होती, यानात कोणी नव्हतं. आमची कंपनी तिकीट काढणाऱ्यांना अंतराळात नेणार आहे आणि त्यांना खाली उतरवणारी पॅराशूट आमच्या खात्यात शिवतात. तीनपैकी एक फाटलं. ते माझ्या हातचं होतं.

इथली रीत अशी, की फाटलेला तुकडा शिवणाऱ्याच्या टेबलावर टांगतात, पुढचं पॅराशूट नीट उघडेपर्यंत. आमच्या खात्याच्या मुख्य बाई म्हणाल्या, नवीन आहेस, काढून ठेव. मी नाही काढला. डबासुद्धा त्याच्याखाली बसून खाते.

काका म्हणतात, शिवायचंच तर आपल्या दुकानात शिव. त्यांना सांगा, मी येणार नाही. पुढच्या चाचणीचं पॅराशूट मी शिवायला मागून घेतलंय. त्यानंतर यानात माणसं बसणार आहेत.

रात्री झोप लागते, काळजी नको. निदान पहाटे तरी लागते. तुमचे डोळे कसे आहेत? सुईत दोरा आईला ओवू द्या.

आणि दुकानात कोणी विषय काढलाच, तर सांगा: उरलेल्या ज्या दोन पॅराशूटवर यान अलगद उतरलं, तीही माझ्याच हातची होती.

तुमच्यावरच गेलेली,
धाकटी