पडून राहणाऱ्यांची मशीन

मिरकरवाडा, रत्नागिरी
१२ जून २०२५

चि. सलोनीस अ. उ. आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं. अंतराळात माणसाच्या अंगाचं काय होतं ते बघायला तुला बेंगळुरूत दोन महिने डोकं खाली, पाय वर करून निजवलंय, हे मी तुझ्या आजीला, हिराला, तीनदा वाचून दाखवलं. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी खाटेवर, आणि हिराची दिवसभर भुणभुण, उठा, चाला. डॉक्टरही तिच्याच बाजूचे. मी म्हटलं, नात निजली तर कौतुक, आजा निजला तर आळशी? तुझ्या त्या शास्त्रज्ञांना विचारून माझ्या बाजूने दोन ओळी लिही गो.

सोबत सुक्या कोळंबीचे सोडे पाठवतोय. तिथलं आळणी जेवण तुझ्या गळ्याखाली कसं उतरणार? पत्र आणि पार्सल टाकायला आपल्या होडीवरचा रूपेश निघालाय.

तुझ्यावर जीव असणारा,
आजोबा गुणाजी


बेंगळुरू
२३ जून २०२५

ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.

पार्सल आल्याचं अख्ख्या मजल्याला वासाने कळलं. इथे घास मोजून देतात, त्यामुळे सोडे पहारेकऱ्याकडे गेले. तो कारवारचा निघाला, तुम्हाला दुवा देतोय.

तुमच्या बाजूने मात्र लिहिता येत नाही. इथे दोन गट आहेत. एक पडल्यापडल्या पॅडल मारतो, माझा नुसता पडून असतो. मधूनच मांडीच्या स्नायूचा कण काढून तपासतात. पेशीत तंतुकणिका असतात, त्या अन्नातून ताकद तयार करतात. अंगाला काम नसलं की त्या मंदावतात, कमीही होतात, असं आधीच्या प्रयोगांत दिसलंय. पावसाळ्यात होडी वर ओढली तरी मशीन अडकू नये म्हणून तुम्ही रूपेशदादाला ती चालू करायला पिटाळता ना? मग स्वतःची का अडकवताय?

लोभ आहे तसाच ठेवा, फक्त पार्सल नको.

तुमची,
सलोनी


मिरकरवाडा
५ जुलै २०२५

चि. सलोनीस आशीर्वाद.

तुझं पत्र रूपेशने मोठ्याने वाचलं आणि मशीनचं आलं तसा खो खो हसला. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

आता तुला एकटीला सांगतो, आजीला कळवू नको. मला आळस नाही, मला भीती वाटते. जेट्टीवर शेवाळावरून घसरलो तेव्हा हाड मोडल्याचा आवाज झाला, तो कानातून जात नाही. परत पडलो तर पुन्हा उठणार नाही. होड्या पाण्यात जातील आणि मी इथे पत्र्याकडे बघत राहीन.

तू एवढी शहाणी, तर आधी तू ऊठ. मग मला शिकव.

रागावलेला, तरी तुझाच,
आजोबा


बेंगळुरू
२ ऑगस्ट २०२५

ती. आजोबांस सा. न.

उठले. म्हणजे उठवलं. पाय जमिनीला लागले आणि डोळ्यांपुढे अंधार आला, दोन नर्सनी धरलं म्हणून वाचले. कबड्डी खेळलेली मी, पण पाय कोणा दुसऱ्याचेच वाटले. पॅडलवाल्या गटातली सावनी दारापर्यंत चालत गेली, तेव्हा तिचा एवढा राग आला की मी रडलेच.

आजोबा, मलाही पडायची भीती वाटते. तुमची चेष्टा केली ती मागे घेते. आज भिंतीला धरून दारापर्यंत गेले. उद्या परत जाणार आहे. तुम्ही निदान पडवीपर्यंत या ना. तुम्ही निघाला आहात असं समजून मी निघेन.

आशीर्वाद असू द्या, आत्ता फार लागतोय.

तुमची,
सलोनी


मिरकरवाडा
१४ ऑगस्ट २०२५

चि. सलोनीस पोटभर आशीर्वाद.

रडू नको गो बाय. तू पडता पडता वाचलीस हे वाचून मला खाटेवर बसवेना. वॉकर घेऊन पडवीत गेलो. हिरा मागून खुर्ची घेऊन चालत होती, तोंडाचा पट्टा चालूच. नारळी पुनवेला जेट्टीवर जाणं जमलं नाही, पडवीतूनच हात जोडले. कालपासून मात्र फाटकापर्यंत जातो. मांड्या दुखतात, भूकही लागते.

रूपेश पत्र न्यायला उभा होता, त्याला बस म्हटलं. नाक्यावरच्या पेटीत मीच टाकणार आहे. हिरा खुर्ची घेऊन तयार आहे. भीती आहेच, पण निघतो.

हे पत्र तुझ्या हातात पडलं, तर समज की मी पोचलो.

तुझा,
आजोबा