कुर्लीने धरलेल्या हाताबाबत

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
आंबेघळ बस आगार, जि. रत्नागिरी.

दि. १२ ऑक्टोबर १९८४

विषय : कुर्लीने प्रवाशाचा हात धरल्याबाबत खुलासा, आणि अर्जदाराच्या मुलीच्या तक्रारीचा निकाल मिळणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोचलेली.

महोदय,

१. अर्जदार हौसा धाकू पावसकर ही मासे विकून पोट भरते. तिची मुलगी काशी शिवणवर्गाहून सायंकाळच्या गाडीने परतत असता शेजारी बसलेले श्री. सखारामतात्या यांचा हात तिच्या मांडीवर आला. तिने तक्रार केली. त्यावर आपल्या कार्यालयाने तिलाच विचारले की, सायंकाळची गाडी कशाला, सोबत कोण होते, गजरा केवढा होता, आणि ती हसली होती काय. तात्या भजनात टाळ वाजवतात, सबब प्रकरण मिटवण्यात आले. तेव्हापासून काशी घरात बसून आहे.

२. पुढे अर्जदार स्वतः त्याच जागेवर, तात्यांच्या शेजारी, डोक्यावरून पदर घेऊन, मांडीवर फडक्याने झाकलेली पाटी ठेवून बसली. पाटीत खाडीतल्या जिवंत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, होत्या. तात्यांनी वय, चेहरा वगैरे काही न पाहता फडक्याखाली हात घातला. त्यांची आरोळी सावर्ड्यापर्यंत ऐकू गेली, असे प्रवासी सांगतात.

३. तात्यांची तक्रार मात्र आपण उभ्याउभ्या नोंदवली आणि कुर्लीच्या नांग्या सुंभाने का बांधल्या नाहीत, असे नोटिशीत अर्जदारास विचारले. नांग्या बाजारात बांधतात, कारण तिथे गिऱ्हाईक हात घालते. गाडीतही घालते हे ठाऊक नव्हते. यापुढे बांधू. तात्यांचे हातही गाडीत चढताना कुणी बांधून द्यावेत.

४. चौकशी दोघांची सारखी व्हावी. तो हात तिन्हीसांजेला एकटा का फिरत होता? बोटात चमकणारी अंगठी कशाला? कुर्लीला वाटले असेल, बोलावतात. कुर्ली चांगल्या खाडीतली असून तिच्याविरुद्ध पूर्वी तक्रार नाही.

(लिहून देणाराची टीप : येथे अर्जदार म्हणाली, "रसूलभाय, लिवा, बदनामी कुर्लीची झाली. आता तिला कोन घेनार?")

५. हे वाचून आपणांस हसू येईल. काशीला हेच विचारले तेव्हा सर्वांनी गंभीरपणे लिहून घेतले होते. याचा अर्जदारास फार संताप आहे. तरी नोटीस मागे घ्यावी आणि काशीच्या तक्रारीवर तात्यांना प्रश्न विचारावेत. सोमवारपासून काशी त्याच गाडीने येणार आहे. तिने कुठे बसावे हे कळवू नये. तात्या कुठे बसणार, ते कळवावे.

आपली, अद्याप नम्र असलेली,
हौसा धाकू पावसकर
(डाव्या अंगठ्याचा ठसा)

लिहून देणार : गुलाम रसूल, संगमेश्वर