हिरव्यावर पाय

मंगळवार, ९ सप्टेंबर

झालं! आणखी एक स्थळ. अंकित, मंठ्याचा, घरचं कापडाचं दुकान. या वेळी पप्पांना साफ सांगितलं — साडी नेसून पोह्यांची बशी घेऊन मी येणार नाही. रविवारी मी आणि माझी मैत्रीण पायल राजूरच्या पुढचा डोंगर चढतोय, बघायचं असेल तर तिथे या म्हणावं.

"पलक, ही काय पोरगी दाखवायची रीत हाय?" — पप्पा. मम्मीने डोळ्याला पदर लावला. आणि मुलगा चक्क 'येतो' म्हणाला! हौस बघा.

गुरुवार, ११ सप्टेंबर

साहेबांचा मेसेज. "चौकशी केली. वाट कोरडी आहे, सोपी आहे." सोबत पुरावा म्हणून व्हिडिओ — एप्रिलमधला! पिवळं गवत, धुरळा. भाद्रपदात कोरडा डोंगर! कापडवाला शोभतो.

मी लिहिलं, "वा, छान." पायल आणि मी पोट धरून हसलो.

शनिवार, १३ सप्टेंबर

दिवसभर पाऊस. होऊ दे कोरडी वाट!

रविवार, १४ सप्टेंबर

साहेबांचे पांढरे बूट. नवे कोरे!! पायथ्याच्या काळ्या मातीने ते पाच मिनिटांत गिळले.

वर तर वाट दिसतच नव्हती, कमरेएवढं गवत. आम्ही दोघी सरळ घुसलो. कुसळं टोचतात, पण पाय तरी धरतो. हा शहाणा मात्र कडेच्या उघड्या कातळावरून! काळाकुट्ट, बुळबुळीत, वरून पाणी वाहतंय.

"अहो, गवतातून या!"

"न्हाई. चौमासा हाय. चार महिने हिरव्यावर पाय देत न्हाई मी."

आम्हीही जैनच की. पण डोंगरावर? मग यायचं कशाला, उपाश्रयात बसायचं! म्हटलं, "आणि कातळावरचं शेवाळ? ते काय प्लास्टिकचं आहे?"

तो वाकला, नीट बघितलं, म्हणाला, "बराबर हाय तुमचं." आणि तेव्हापासून शेवाळही चुकवायला लागला! एकेक पाऊल शोधून टाकणार, तेही चुकीचं. एकदा घसरून बसला. एकदा तोंडावर आपटला, हनुवटी फुटली, रक्त आलं. मला हसू आवरेना. "पलक, बास ना!" — पायल. त्याने रुमाल दाबला आणि विचारलं, "अजून किती वर जायचं हाय?"

वर पोचलो तेव्हा सडकून भूक लागली होती. त्याच्या डब्यात पुऱ्या आणि लोणचं. आधी पायलला, मग मला. स्वतःला उरली एक.

सोमवार, १५ सप्टेंबर

अंग ठणकतंय. मोज्यातली कुसळं काढत बसले होते, मम्मी शेजारी येऊन बसली. "कसा वाटला?" म्हटलं, नमुना आहे. एप्रिलचा व्हिडिओ, पांढरे बूट, सगळं सांगितलं. मम्मीसुद्धा हसली.

पण एक सांगितलं नाही. उतरताना आम्ही दोघी पुढे होतो. मागे वळले तर हा रुमाल हनुवटीला धरून, इवल्याशा रोपट्यावरून पाय फिरवून पलीकडे टाकत होता. कोणी बघत नव्हतं. कोणाला दाखवायचं नव्हतं. माझ्या आयुष्यात असा येडा माणूस मी पाहिला नाही.

आवडला मला. झालं, लिहिलं!

लगेच कळवायचं नाही मात्र. बुधवारी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी आहे, पप्पा झेंडावंदनाहून आले की सांगेन. तोवर लटकू दे बिचाऱ्याला.

बुधवार, १७ सप्टेंबर

पप्पा आले, टोपी काढली, म्हणाले, "मंठ्याहून फोन आल्ता. नकार हाय."

माझा पारा चढला. "हिरवं तुडवलं म्हणून ना? सांगा त्याला —"

"न्हाई गं. त्याचं त्यानं नावच न्हाई काढलं. म्हणला, मला रक्त येऊन राह्यलं होतं, आन् पोरगी हसून राह्यली होती."