समुद्राच्या पाण्याचं मीठ

८ फेब्रुवारी १९८४
मीठ संपलं. डबा पालथा केला तर तळाशी एवढंसं ढेकूळ. हे काही जेवणातलं मीठ नव्हे. घरातल्या माशांच्या टाकीत समुद्राचं पाणी करायला यांचा जहाजावरचा सोबती बाहेरदेशातून आणून द्यायचा. तो रिटायर होऊन केरळात गेला.

टाकीतलं थोडं पाणी दर महिन्याला बदलावं लागतं, नाहीतर आतलं सगळं मरतं – मला एवढंच ठाऊक. बाकीचं यांना ठाऊक. अन् दिवाळीत लकवा मारला तेव्हापासून यांची वाचा गेलेली.

डॉक्टर म्हणाले होते, येईल, नाहीतर नाहीही येणार. दिवसभर टाकीसमोर बसतात. दोन नारिंगी मासे, एक समुद्रफूल – फुलासारखं उघडतं-मिटतं, पण जीवच – अन् रामेश्वरच्या समुद्रातून आणलेल्या दगडावरची प्रवाळं. नेव्हीतल्या आयुष्यातलं तेवढंच उरलंय. तेही गेलं तर हे कशाकडे पाहतील?

११ फेब्रुवारी
पाटी हातात दिली. विचारलं, कोणतं मीठ घेऊ, कुठं मिळतं, लिहा. डाव्या हाताने रेघा ओढल्या नुसत्या. मग पाटी मांडीवर उलटी ठेवली. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

१५ फेब्रुवारी
लहानूभाऊजी पारशिवनीहून आले. यांचे धाकटे भाऊ. म्हणाले, "वहिनी, मीठ म्हणजे मीठ. किराण्यातलं खडे मीठ टाका न. काहून जीव जाळून राहिल्या?" वर म्हणाले, नाहीतर टाकी विकून टाका, दादाले आता काय समजते? हे समोरच बसले होते.

खडे मीठ बादलीत कालवून पाहिलं. पाणी गढूळ, खाली माती. टाकीत घातलं नाही.

२२ फेब्रुवारी
शेजारचे मनोहरराव मेश्राम कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. त्यांना गाठलं. म्हणाले, "वहिनी, समुद्रात एकटं मीठ नसते. मॅग्नेशियम पाहिजे, कॅल्शियम पाहिजे. त्या प्रवाळाचं अंगच चुन्याचं असते. खडे मिठावर ते जगणार नाही." पुस्तकात पाहून ते क्षार मिसळून देतील. "पण मी हे कधी केलं नाही. काही झालं तर मले दोष देऊ नका."

मुंबईत माशांच्या एका दुकानात चौकशी केली होती, तिथलंही कळलं. बाहेरदेशातलं मीठ आलंच तर पावसाळ्यानंतर.

म्हणजे एक मीठ कामाचं नाही, एक वेळेवर येणार नाही, अन् एक कोणी करून पाहिलेलं नाही. यांना तिन्ही सांगितली. डोळ्यांत काही दिसतं का पाहत राहिले. काही दिसलं नाही. मेश्रामांना हो म्हणून आले.

६ मार्च
मेश्रामांचं मीठ काल बादलीत विरघळवलं, आज थोडं थोडं करून टाकीत सोडलं. तासाभरात समुद्रफूल मिटलं. मुठीसारखं. मासे कोपऱ्यात. मीच मारलं असं वाटतंय.

७ मार्च
फूल उघडलं! मेश्रामांना सांगायला गेले तर ते दारातच खाली बसले. त्यांनाही झोप नव्हती म्हणे. यांना सांगितलं. चेहरा तसाच.

५ एप्रिल
पाणी बदललं. सगळं जिवंत. हे तसेच. मीही तशीच.

१२ मे
लाइट सकाळपासून नाही. हवेचा पंप बंद, कूलर बंद. बाहेर जाळ. टाकीतलं पाणी हाताला कोमट लागतं. पिशव्यांत बर्फ भरून सोडला, वितळला, पुन्हा आणला. प्रवाळं पांढरी पडत चाललीत. हे माझ्या हातांकडे पाहत होते, टाकीकडे नाही.

१४ मे
दोन्ही मासे गेले. फूल सडलं, घरभर वास.

मेश्राम येऊन पाणी तपासून गेले. "वहिनी, मीठ बरोबर होतं. गरमीनं गेलं सगळं." धीर द्यायला म्हणाले. पण मग मी एवढं शोधलं, विचारलं, भीत भीत निवडलं, ते बरोबर निघूनही काय झालं? चूक असती तर निदान पुढल्या वेळी सुधारता आली असती. पुढली वेळ नाही.

१९ मे
लहानूभाऊजींनी अन् मेश्रामांनी टाकी उचलून मागच्या अंगणात नेली. यांनी डोळे मिटून घेतले होते. जेवायला घातलं तेव्हाही उघडले नाहीत. या माणसाला आता काय दाखवू? मलाच पुढचं काही दिसत नाही.

२० मे
टाकीमागे खिडकी होती हे विसरूनच गेले होते. सकाळी झाडताना उघडली अन् आत गेले. यांची खुर्ची तिथंच, हेही बसलेले. कवडू दूधवाल्यानं सायकल थांबवलेली ऐकू आली.
"काय चंपतराव, लय दिवसांनी दिसले गा. बरं हाय ना?"
अन् हे म्हणाले, "हौ."