चेहरा जुळत नाही

वयाने धाकटे असल्यामुळे केवळ नाइलाजाने चिरंजीव असलेले आमचे बंधुराज यांस,

थोरल्याकडे जेवढे शिल्लक आहेत तेवढे सगळे आशीर्वाद.

आपली प्रकृती उत्तम असणारच. ज्याला दिवसभर खुर्चीत बसण्याचा पगार मिळतो त्याची प्रकृती बिघडायला सवड तरी कुठे असते? इकडे सर्व क्षेम आहे. माझा गुडघा आणि दुकानाचं शटर, दोघंही सकाळी एकाच आवाजात कुरकुरतात. पण दोघंही शेवटी वर होतात, म्हणून तक्रार नाही. आपण एकमेकांशी बोलत नाही हे मी विसरलेलो नाही. पण पत्र म्हणजे बोलणं नव्हे. बोलताना समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं, पत्रात ती कटकट नसते. (शिवाय ‘आपली प्रकृती’ एवढं लिहूनच माझं मनगट अवघडलं. ज्याला लहानपणी मी मोरीत कोंडून ठेवलं, त्याला फार वेळ अहो-जाहो करणं जमत नाही. तेव्हा इथून पुढे ‘तू’.)

विषय तुझ्या त्या पैसे घ्यायच्या ॲपचा आहे. गेल्या खेपेला तू आलास, मी गिऱ्हाइकाला द्यायला सुट्टे पैसे शोधतोय हे पाहिलंस आणि तुला माझी दया आली. तुला दया आली की घरातलं काहीतरी हलतं हा लहानपणापासूनचा अनुभव आहे. या वेळी बाबांचा फोटो हलला. गल्ल्यामागच्या खिळ्यावरून तू तो काढलास आणि तिथं काळ्या ठिपक्यांचा तो चौकोन टांगलास. ‘दादा, गिऱ्हाइकाची नजर पहिली इथंच जाते,’ असं वर शास्त्रही सांगितलंस. बाबा स्टुलावर गेले. मग मी काही बोललो, तू काही बोललास, चहा अर्धा टाकून गाडी पकडलीस, आणि तेव्हापासून आपलं जे चालू आहे ते चालूच आहे. चौकोन मात्र मी राहू दिला. भांडण तुझ्याशी होतं, गिऱ्हाइकांशी नव्हतं.

सुरुवातीला सगळं गोड चाललं. सुऱ्या, कात्र्या, वस्तरे यायचे, धार लावून जायचे, आणि गल्ल्यावरचा तो बोलका डबा रक्कम पुकारायचा. (जन्मात मला कोणी इतक्या आदरानं पुकारलं नव्हतं. तुझी वहिनी म्हणाली, डब्याला निदान तुमची किंमत कळते.) नवं सहाणेचं चाक घ्यायचं म्हणून मी पैसे त्या खात्यातच साठू दिले. जुनं चाक आता असं डगमगतं की सुरीला धार लागण्याऐवजी नक्षी उमटते. चाकापुरते पैसे जमले आणि नेमकं तेव्हा खातं गोठलं.

का गोठलं ते ऐक. पैसे पाठवताना दोन शब्द लिहायची तिथं एक जागा असते. ती मोकळी सोडावी असा आमच्या गिऱ्हाइकांचा स्वभाव नाही. समोरच्या न्हाव्याने लिहिलं, ‘दोन वस्तरे. आता एकेकाला बघतो.’ खानावळवाल्याने लिहिलं, ‘मोठा सुरा, हाडापर्यंत गेला पाहिजे.’ आणि शिंपीणबाईंनी, ज्यांचं बोलणं तुला माहीत आहे, ‘या वेळी कात्री बोथट निघाली तर पहिली तुमच्यावरच चालवीन’ असा प्रेमळ निरोप जोडला. हे सगळं वाचायला कंपनीने जे यंत्र बसवलं आहे त्याला बिचाऱ्याला घरदार नसावं. त्याने ठरवलं की मी टोळी चालवतो. संदेश आला: धोकादायक वस्तूंच्या व्यापाराची चिन्हे आढळली आहेत, सबब आपल्याच सुरक्षेसाठी आपले खाते गोठवण्यात येत आहे. माझ्याच सुरक्षेसाठी! चोर घरात शिरतो, पण तो निदान जाताना काळजी घ्या म्हणत नाही.

मग मदतकेंद्र. तिथं आधी बासरी वाजते. बासरी थांबली की एक बाई सांगतात की तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, आणि पुन्हा बासरी. महत्त्वाच्या माणसाला ताटकळत ठेवायची रीत मी फक्त लग्नघरात पाहिली होती. अखेर एक खरी मुलगी बोलली. आवाज गोड, शिकवलेला. तिला माझी गैरसोय समजत होती. तिनं ते इतक्यांदा सांगितलं की शेवटी मीच तिला म्हटलं, पोरी, तू नको त्रास करून घेऊस. तिनं सांगितलेला उपाय अगदी सोपा होता. ॲप उघडायचं, कॅमेऱ्यात बघायचं, दोनदा डोळे मिचकावायचे. चेहरा जुळला की खातं मोकळं.

मी मिचकावले. चेहरा जुळत नाही, असं उत्तर आलं. चष्मा काढून मिचकावले. जुळत नाही. दाराशी उजेडात जाऊन मिचकावत होतो तेव्हा नेमक्या शिंपीणबाई रस्त्यातून चालल्या होत्या. त्या थांबल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि थेट आत तुझ्या वहिनीकडे गेल्या. पुढचं तुला कळेलच.

दरम्यान पोट थांबत नाही म्हणून पर्याय शोधले. पहिला पर्याय रोख. रोखीने पैसे देणारा माणूस आता मोठी नोट काढतो आणि सुट्टे मागितले तर मी त्याची जमीन मागितल्यासारखा बघतो. दुसरा पर्याय तुझ्या वहिनीचं खातं. तिचा चौकोन लावला, पैसे येऊ लागले, आणि डबा स्वयंपाकघरात बोलू लागला. त्या दिवसापासून माझी मिळकत मला सोडून घरात सगळ्यांना कळते. तपकीर आणायला पैसे मागितले तर तिनं विचारलं, ‘कशाला? सकाळपासून तीनच कात्र्या झाल्यात.’ (जन्मभर मी तिला हिशेब विचारला नाही, हे माझं औदार्य. तिनं मला विचारला, हा तिचा चोखपणा. दोन्ही शब्द तिचेच.) चौकोन मी संध्याकाळी सन्मानाने उतरवून परत केला.

तिसरा पर्याय मला फार शहाणपणाचा वाटला: पैसेच नकोत, कामाला काम. खानावळवाला जेवणाचा डबा देऊ लागला, शिंपीणबाई माझ्या विजारी आखूड करू लागल्या, आणि न्हावी केस कापू लागला. अडचण अशी की न्हाव्याचा वस्तरा आठवड्याला बोथट होतो आणि माझं डोकं तितक्या वेगाने उगवत नाही. तो मात्र सचोटीचा माणूस, धारेची किंमत चुकवल्याशिवाय उठू देत नाही. केस संपले तेव्हा तो मिशीकडे वळला. मिशी संपली तेव्हा भुवयांकडे बघू लागला. मी म्हटलं, बाबा रे, ही धार माझ्यातर्फे. विजारींचंही तेच. एक-दोन आखूड झाल्या तोवर ठीक होतं, पण बाईंचं काम हिशेबात कमी पडायला लागलं की त्या आणखी बोटभर कापतात. सध्या मी गल्ल्यामागून बाहेर येत नाही.

अशा सफाचट अवस्थेत पुन्हा मदतकेंद्राला फोन लावला. म्हटलं, केस होते तेव्हा जुळत नव्हता, आता तर आशाच नको, पण निदान मी कसा दिसायला हवा आहे ते सांगा, तसा प्रयत्न करतो. ती मुलगी तयार होईना. नियमात बसत नाही म्हणाली. मग माझी दया येऊन म्हणाली, ‘काका, एवढंच सांगते, नोंदीतला फोटो हसतोय. आणि तुमच्यापेक्षा बराच तरुण आहे.’ मी म्हटलं, मी कागदपत्राच्या फोटोत कधी हसलेलो नाही. लग्नाच्याही नाही. ती म्हणाली, ‘उजव्या गालावर खळी आहे, काका.’

फोन ठेवला. आमच्या घराण्यात खळी एकालाच आहे. ती दाखवून त्याने आयुष्यभर माझ्या वाट्याचं खाल्लेलं आहे. आता आठवलं, ॲप घालत होतास तेव्हा माझे दोन्ही हात तेलात आणि लोखंडाच्या भुग्यात होते, चाक फिरत होतं, न्हावी वस्तऱ्यासाठी खोळंबला होता. कॅमेऱ्यात बघायला मी येईना, म्हणून तूच बघितलंस. वर म्हणालास, ‘एकाच घरातला चेहरा आहे, त्याला काय कळतंय!’ बाबा रे, त्याला कळतं. सख्ख्या आईची कधी गल्लत झाली असेल, पण त्याची होत नाही. दुकान माझं, घाम माझा, गुडघा माझा, आणि मालक म्हणून हसतोयस तू.

तुझी वहिनी हुशार. ती म्हणाली, फोटो दाखवू. तुझ्या लग्नातला फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. ॲपने लिहिलं, कृपया जिवंत व्यक्ती समोर आणा. तुझ्या लग्नातल्या चेहऱ्याबद्दल माझं तेव्हाही तेच मत होतं, पण तेव्हा माझं कोणी ऐकलं नाही. तुला फोन करून दुसऱ्या फोनवर तुझं थेट चित्र दाखवावं असंही तिनं सुचवलं. ते मला पटलं नाही, कारण आपण बोलत नाही. फोन तुझ्याकडे कुरियरने पाठवावा म्हणाली. तेही नको म्हटलं, कारण काही सांगितलं नाही.

तर अशी अवस्था आहे. चाक डगमगतंय, पैसे गोठलेत, डोकं उघडं आहे आणि विजार गुडघ्याच्या वर आहे. मुलांना पापा. घरच्यांना नमस्कार, त्यांनी स्वीकारला तर.

तुझा (नोंदीप्रमाणे मी, मी नव्हे, तूच असलेला)
दादा

ता. क. मुद्दा राहिलाच. एक दिवस काढून यावंस आणि येताना चेहरा आणावास. दाढी वाढवली असशील तर उतरवून ये. इथं उतरवायची झाल्यास न्हावी माझ्या धारेच्या हिशेबातून वळती करून घेईल, तो मोकळाच बसला आहे. कॅमेऱ्यात बघायचं, खळी दाखवायची, दोनदा डोळे मिचकावायचे, लगेच परतीची गाडी. माझ्याशी बोलावं लागणार नाही. ॲपची तशी अट नाही.

ता. क. दुसरा. जेवून जाणार का असं वहिनीने विचारायला सांगितलं आहे. विचारलं. माझं त्यात काही नाही. मात्र डबा खानावळीतला असेल, कारण वसुली अजून बाकी आहे.

ता. क. तिसरा. हे पत्र आठवडाभर गल्ल्यात पडून होतं. मधल्या काळात तुझी वहिनी माझे कागद घेऊन कंपनीच्या कचेरीत गेली, तिथं बासरी नसल्यामुळे थेट माणसाशी बोलली, आणि खातं बंद करून सगळे पैसे बँकेत वळते करून आली. काल नवं चाकही बसलं. सुरेख फिरतं. तेव्हा तुझ्या चेहऱ्याची आता तशी गरज नाही. परंतु पाकिटाला तिकीट लावून ठेवलं होतं, ते वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून धाडतो आहे. दुकान रविवारी बंद असतं. रविवारीच ये.