कुनमिंगला जायचं, पण सावधपणे

६ फेब्रुवारी, सकाळ

चांद्र नववर्षाचे पाहुणे गेले. आजपासून नवी डायरी. निर्धार एकच: या वर्षी शिउछिनला दक्षिणेत कुनमिंगला न्यायचं. म्हणजे न्यायचंच. बायकोचा खोकला दर हिवाळ्यात येतो आणि वसंतापर्यंत मुक्काम ठोकतो. डॉक्टर तीन वर्षं सांगतायत, हिला शेनयांगची थंडी सोसत नाही, महिनाभर मवाळ हवेत ठेवा. मी तीन वर्षं प्लॅन करतोय. लोक उठतात आणि तिकीट काढतात. मी तसा नाही. मी बॉयलर कारखान्यात इन्स्पेक्टर होतो. माझ्या हाताखालून एकही भेग सुटली नाही.

बाहेर सगळं गोठलंय. घरात हीटिंग इतकं की बनियनवर लिहितोय.

७ फेब्रुवारी

टूरच्या ऑफिसात गेलो. मुलगी फारच गोड बोलत होती. राहणं, जेवण, विमान, सगळं इतक्या स्वस्तात? समजलो. बस थेट जेडच्या बांगड्यांच्या दुकानात नेतात आणि काहीतरी घेतल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. मी तसं तोंडावर म्हणालो. ती हसली आणि तिने मला एक संत्रं दिलं. फुकट. का?

खाल्लं नाही. घरी आणलं. मी काही म्हणायच्या आत शिउछिनने सोलून खाल्लं. गोड आहे म्हणाली. तिच्यावर लक्ष ठेवून आहे.

टूर रद्द. स्वतंत्र जाणार.

९ फेब्रुवारी, दुपार

कुनमिंगच्या एका गेस्टहाउसला फोन केला. खोलीत तापमान किती असतं, असं सरळ विचारलं. मालक म्हणाला, आमच्याकडे बारा महिने वसंत, आजोबा. मी म्हणालो, ते ठीक आहे, हीटिंग कितीवर असतं? तर म्हणे हीटिंग नाहीच! का, तर लागत नाही! मग एखाद्या दिवशी गारठलं तर? तर म्हणे, कोट घालायचा.

घरात कोट! आणि वर वसंत! मी म्हणालो, तुमच्या शहराने आधी काय ते एक ठरवावं. त्याने फोन ठेवला. खरा माणूस फोन ठेवत नाही.

शिउछिन म्हणाली, अरे म्हाताऱ्या, तू खोली ठरवत होतास की भांडण? एवढं बोलून खोकत बसली. मला तिचा खोकला ऐकवत नाही. उद्या दुसरं गेस्टहाउस बघतो.

१२ फेब्रुवारी, कंदिलांची पौर्णिमा

दुसरं गेस्टहाउस बघितलं नाही. सणासुदीला सगळे खोटं बोलतात.

वरच्या मजल्यावरच्या निएबाई तिळाचं सारण भरलेले गोळे घेऊन आल्या. चौकातल्या नाचाच्या ग्रुपच्या या लीडर. दोघी स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. मी आत गेलो तर एकदम आंबवलेल्या कोबीचा विषय. कोबीबद्दल कोणी कुजबुजतं का?

मी वस्तीचा फ्रॉडविरोधी स्वयंसेवक आहे. दंडावर लाल पट्टी आहे. म्हाताऱ्या बायकांना औषधी गोळ्या विकणाऱ्या टोळ्या फिरतायत, असं परवाच मीटिंगमध्ये सांगितलं. टोळी दुरून येते असं थोडंच आहे? जिन्यावरूनही उतरते.

गोळे मात्र चांगले होते. सहा खाल्ले. पुरावा म्हणून एक ठेवला होता, तो नंतर खाल्ला.

१४ फेब्रुवारी

ताल्येनहून लेइचा फोन. आमची एकुलती एक. बाबा, आईला घेऊन कधी निघताय? मी म्हणालो, केस फार वाढलेत, या अवतारात विमानात कसा बसू? मग कापा की. चांद्रवर्षाच्या पहिल्या महिन्यात केस कापले तर मामा मरतो, माहीत नाही का तुला? लेइ म्हणाली, बाबा, तुमचे मामा जाऊन सात वर्षं झाली.

झाली. तरी उगाच धोका कशाला?

१६ फेब्रुवारी

आज शिउछिनच्या मागे गेलो. नाइलाज होता. बाजारातून बर्फावरून घसरत घसरत चालत होत्या, ती आणि निएबाई, हातात हात घालून. मी मुळ्यांच्या गाडीआड. दोघी कपड्यांच्या दुकानात शिरल्या आणि शिउछिनने काय घेतलं? उन्हाची टोपी! मोठ्या काठाची, फुलांची. फेब्रुवारीत! शेनयांगमध्ये! मिशांवर बर्फ धरलाय इथे.

म्हणजे टोळीने तिच्या डोक्याचा ताबा घेतलाय. गोळ्यांआधी टोप्या.

घरी आल्यावर सहज विचारलं, काय आणलंस? म्हणाली, सुया. आम्ही एकमेकांशी खोटं बोललेलो नव्हतो. निदान ती तरी नव्हती. फार लागलं मनाला.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ

मोठा दिवस. फ्रॉड पकडला!

मोबाइलवर सहा आकडे आले. पाठोपाठ लेइच्या नावाने मेसेज: बाबा, आलेला नंबर लगेच पाठवा, कशासाठी ते विचारू नका. अगदी मीटिंगमध्ये शिकवतात तस्संच! नाव मुलीचं, घाई, कारण नाही.  उलट लिहिलं, तू खरी लेइ असशील तर सांग, लहानपणी तुला कोणत्या भाजीचा राग होता? उत्तर आलं, बाबा वेडेपणा करू नका, वेळ संपतेय.

माझी लेइ मला वेडा म्हणेल? शक्य नाही. (म्हणते. पण अशा वेळी नाही.) मग फोनच आला. आवाज हुबेहूब. हल्ली आवाजाचीही नक्कल होते. मी म्हणालो, बाई, तू चुकीच्या दारात आलीस. नंबर ब्लॉक केला. वस्तीच्या कचेरीत कळवलं.

शिउछिन नाचाहून आली तेव्हा मी सगळं रंगवून सांगितलं. ती खुर्चीवर बसली. बूटही काढले नाहीत. 

घाबरली असेल बिचारी.

१९ फेब्रुवारी

कचेरीने माझा सत्कार केला. एक ट्रे अंडी. फोटो. शिउछिनने अंड्यांकडे पाहिलंही नाही.

२० फेब्रुवारी

दारावर थाप. भिंगातून पाहिलं तर लेइ. ट्रेनने आली होती. बाहेरून ओरडली, बाबा, उघडा! मीच आहे! की आता दारासाठीही नंबर पाठवू?

जे कळलं ते इथे लिहून ठेवतो. लेइने आमची दोघांची विमानाची तिकिटं काढायला घेतली होती. ज्येष्ठांची सवलत, त्यासाठी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आलेला नंबर लागतो. शिउछिनने आपला दिला. माझी सीट त्या संध्याकाळपुरतीच राखलेली होती. ती गेली. निएबाईंच्या बहिणीचं कुनमिंगला तळ्याजवळ घर आहे, हिवाळाभर रिकामं, तिथे आमची राहायची सोय होती. कुजबूज त्याची. टोपी त्याची.

मी म्हणालो, मला आधी का नाही सांगितलंत? शिउछिन म्हणाली, सांगितलं असतं तर तू पायलटचीसुद्धा चौकशी केली असतीस.

करायलाच हवी. 

आता म्हणे सुटलेली शेवटची सीट निएबाईंनी घेतली, माझ्या जागी त्या जाणार. विमान २४ ला.

२२ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. शिउछिन माझ्याशिवाय जाणार नाही. चाळीस वर्षांत ती एकटी शेजारच्या फुशुनच्या पुढे गेलेली नाही. हे सगळं मला घाबरवायला. बॅग उचलून पाहिली. जड आहे. जड बॅग भरणं काही कठीण नाही.

२४ फेब्रुवारी, विमानतळ, मग घर

लेइ गाडी चालवत होती. निएबाई वाटभर म्हणत होत्या, थोंगदादा, काळजी करू नका, तुमच्या बायकोला आख्खी परत आणते. शिउछिनने माझा मफलर नीट केला. फ्रीजरमध्ये डंपलिंग आहेत म्हणाली, आंबवलेल्या कोबीच्या बरणीचं झाकण रोज उघडू नको म्हणाली, आणि तपासणीच्या रांगेत गेली.

मी काचेपाशी थांबलो. परत येईल. उगाच ताणतेय. रांग सरकली. ती दिसेनाशी झाली. तरी थांबलो. बोर्डावर विमान सुटल्याचं आलं. बोर्डही चुकतो कधीकधी. लेइ म्हणाली, बाबा, चला.

२७ फेब्रुवारी

शिउछिनचा व्हिडिओ कॉल. कुनमिंगला पाऊस, कडाक्याचा गारठा. दोघी रजई पांघरून, घरात कोट घालून तांदळाच्या शेवयांचं सूप पितायत. मी म्हणालोच होतो! हीटिंग नाही म्हणजे नाही! इथे मी बनियनवर आहे! फार आनंद झाला. लगेच म्हणालो, परत ये.

ती हसत होती. सलग हसत होती. मधे एकदाही खोकली नाही. फोन खराब आहे का, असं वाटून मी आवाज वाढवून पाहिला.

१ मार्च

पहिला महिना संपला, केस कापले. आरशात बरा दिसतो. तिकडे पाऊस थांबून ऊन पडलंय, तळ्यावर सैबेरियाचे पांढरे पक्षी आलेत, शिउछिनने टोपी घालून त्यांना पाव भरवतानाचा फोटो पाठवला. फोटो मोठा करून तपासला. खरा आहे. गालांना रंग आलाय.

माझ्याकडे बघताना ती असं हसल्याचं मला आठवत नाही. चिडलो नाही. फक्त तिथे असावंसं वाटलं.

३ मार्च

निर्णय! मी जाणार. लेइला स्वतः फोन केला. म्हणालो, येऊ दे कितीही आकडे, सगळे देतो, प्रश्न विचारणार नाही.  पोरगी म्हणाली, बाबा, तुम्हीच बोलताय ना? ८ तारखेला महिला दिन, त्याच दिवशी एक सीट मिळाली. नंबर आला. दिला. सोपं असतं की!

बॅग भरली. शिउछिनला अजून सांगितलं नाही. चकित होऊ दे.

५ मार्च

राहवलं नाही, फोन केला. म्हणालो, ८ ला येतोय, विमानतळावर ये.  पलीकडे नुसता पक्ष्यांचा कलकलाट. मला वाटलं आनंदाने गहिवरली.

मग म्हणाली, येऊ नकोस रे.

मी विचारलं, का, हवा बिघडली? नाही, म्हणाली, हवा छान आहे. खोकला गेला. सकाळी उठते, बाहेर पडते, कुठे चाललीस, कोण भेटलं, काय म्हणालं, कोणी विचारत नाही. खूप बरं वाटतंय मला. थोडे दिवस अशीच राहू दे. एप्रिलमध्ये येते घरी.

रागावली होती का? नाही. चेष्टा? नाही. बोलायला निएबाईंनी शिकवलं? आवाज तिचाच होता. मी पुन्हा विचारलं. तिने तेच, तसंच, मऊ आवाजात पुन्हा सांगितलं. जेवलास का म्हणून विचारलं आणि फोन ठेवला.

दुपारभर खुर्चीत बसून त्यात काही खोट सापडते का पाहत होतो. सापडली नाही. तिने सांगितलेला शब्द न् शब्द खरा आहे.

लेइला कळवलं, सीट सोडून दे.