भोकाची परात आणि नातीचं विमान

बाबा, तुमची परात आज विमानावर चढली. ती आईची होती हे मला माहीत आहे, पण मधोमध भोक पाडल्यावर ती तुमचीच झाली ना. आधी विमानाचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीचं डोकं फिरलं. माझी नात, थोरल्याची मुलगी, गव्हाण गावच्या आमच्या शेडमध्ये, जिथं ह्यांचा ट्रक उभा असायचा तिथं, तीन वर्षं झाली विमान बांधते आहे. दोन माणसांचं. खरंखुरं. इथून उडवायचं नाही, नव्या विमानतळाची मोठी विमानं डोक्यावरून जातात. पंख सोडवून, ट्रकात घालून ते घाटावर न्यायचं आहे. सून म्हणते, "पोरीचं लग्न राह्यलं आनी ही पंख घासत बसलीय." मी तिला म्हटलं, पंख घासून झाले, आता एरियल राहिलेत. त्यावर ती जी घरात गेली ती जेवायलाच बाहेर आली.

मला वाटायचं, विमानाला एक एरियल पुरे. तर चार लागतात. एक बोलायला, एक वरच्या उपग्रहांकडून आपण कुठं आहोत ते विचारायला, एक पोटाखाली, रडारवाल्यांना आपली ओळख द्यायला, आणि एक विमान पडलंच तर मदत मागायला. त्या शेवटच्याचं मी पुढं काही ऐकून घेतलं नाही. आणि चौघांना जवळजवळ बसवायचं नाही, एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. मी म्हटलं, अगं मग सोपं आहे, एका चुलीशी चार जावा बसवायच्या नाहीत, एवढंच ना. ती हसली, पण वहीत लिहून घेतलं. खरं अडलं होतं ते बोलायच्या एरियलवर. विमानाचं अंग आपल्या कोळ्यांच्या नव्या होड्यांसारखं फायबरचं, आणि ह्या एरियलच्या काठीला खाली पत्रा लागतो, नाहीतर आवाज धड जात नाही की येत नाही. पत्रा आतून चिकटवता येतो, पण भोक कुठं पाडायचं? "आजी, भोक एकदाच पाडायचं," ती म्हणाली. "चुकलं तर सगळी पाठ परत करायला लागेल. आनी आवाज पोचला नाय तर तपासायला येणारा साहेब उडूच देणार नाय." तीन वर्षांचं काम एका भोकावर. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. पत्र्याऐवजी स्वयंपाकघरातली चकचकीत चंदेरी गुंडाळी पसरून जागा शोधत होती, वाऱ्यानं ती फाटायची. मग मी माळ्यावरून परात काढली. "ही घे," म्हटलं, "भोक तयार हाय."

तुम्हाला आठवतं ना ते भोक? मिठागरावर सरकारी जीप आली होती, तिच्या टपावर काठी होती आणि आत रेडिओ खणखणीत बोलत होता. तुम्ही घरी आलात ते विचारातच. आपला रेडिओ खरखरायचा, आणि मिठाच्या हंगामात पावसाची बातमी चुकली तर सगळी रास पाण्यात. आई भाकरीला पीठ घेते आहे, आणि तुम्ही म्हणता, "टप आपल्याकडं नाय, पन परात हाय." ती पाण्याला गेली तेवढ्यात तुम्ही खिळा आणि दगड घेऊन बसलात. परत येऊन तिनं पाहिलं. भरलेली कळशी तुमच्या पायाशी ठेवली आणि आठ दिवस भाकरी पाटावर थापून तुमच्यापुढं सरकवली. तुम्ही खुशीत. परात बांबूच्या टोकाला, तिच्या भोकातून सायकलच्या चाकाची तार वर, तिथून रेडिओपर्यंत लांब वायर, आणि तुम्ही अंगणभर फिरताय. मी ओटीवर रेडिओपाशी बसून ओरडते, "आलं. गेलं. आलं, बाबा, तिथंच ऱ्हावा." गोठ्याच्या कोपऱ्याला आवाज असा आला की म्हैस वळून बघायला लागली. तिथं तुम्ही चुन्याची खूण केलीत आणि बांबू रोवलात. गावानं आपल्याला परातवाले नाव ठेवलं ते तेव्हापासून.

तर आज तसंच केलं. फरक एवढाच, भोकात काठी खोचलेली परात माझ्या हातात, वायरनं जोडलेला रेडिओ नातीच्या कानाला. वरून जाणाऱ्या विमानांचं बोलणं ऐकायचं. आधी मी विमानाच्या पोटाखाली उकिडवी बसले, परात वर धरून. "गेलं," ती म्हणते, "चाकाचे पाय आड येतात." मी म्हटलं, माझे पण पाय गेले, उठव आधी. मग इंजिनाजवळ धरली, तिथं नुसती खरखर. मग स्टुलावर चढून पाठीवर पालथी ठेवली, बसायच्या जागेच्या मागं. विमानानं टोपी घातल्यासारखं दिसत होतं. वरून मोठं विमान चाललं होतं, आणि आतल्या माणसाचा आवाज शेडमध्ये असा आला, जसा शेजारचा माणूस कुंपणावरून बोलतो. "आलं, आजी. तिथंच रहा." मी राहिले. तिनं माझ्या बोटांभोवती पेन्सिल फिरवली. दुपारी भोक पाडलं. आतून पाठीला तांब्याच्या पट्ट्या चिकटवल्या, चार दिशांना चार, कारण परात घेऊन उडता येत नाही म्हणे, वजन होतं. काठी बसवली. पुन्हा ऐकलं. आलं. मग ती जेवायला बसली आणि पाच भाकऱ्या खाल्ल्या. सून म्हणाली, "हे लग्नापरीस बरं दिसतंय."

जेवताना पोरगी परात उलटसुलट करत होती. म्हणाली, "पणजोबा शाळेत किती शिकले होते?" मी म्हटलं, माझ्यापेक्षा चार इयत्ता कमी, म्हणजे शून्य. ती म्हणाली, "आजी, पणजोबांचं बरोबर होतं. आमाला हे कालेजात शिकवलं." मला इतका आनंद झाला की मी उगीच तिच्या ताटात आणखी थोडी सुकट वाढली. मग तिनं विचारलं, "ही तुझ्याकडं कशी आली?" मी म्हटलं, आईनं लग्नात दिली. ते खरंच आहे. पुढचं मी तिला सांगितलं नाही, पाणी आणायच्या निमित्तानं उठले, आणि म्हणून हे लिहायला बसले.

आपटा गावची माणसं मला बघायला आली, त्याच्या आदल्या दिवशी परात गेली ना, तुम्ही म्हणालात वाऱ्यानं नेली. वारा नव्हता, बाबा. परातवाल्याची मुलगी म्हणून त्यांनी बघू नये, म्हणून मी बांबू उतरवला आणि परात पेंढ्याच्या गंजीत घातली. तुम्ही दोन दिवस मिठागराच्या चिखलात गुडघाभर उतरून शोधत होता. पुढं बातम्या ऐकायला शेजारी जायचात, आणि घरी येईपर्यंत अर्ध्या विसरायचात. आईला ती गंजीत सापडली असणार, पण बोलली नाही. माझ्या भांड्यांत तळाला घालून दिली.

पत्र कुठं धाडू? वहीतच ठेवते. एक तेवढं राहिलं. तुम्ही चिखलात शोधत होता तेव्हा मी बांधावर उभी होते, आणि "अजून तिकडं बघा, बाबा, तिकडं" असं सांगणारी मीच होते.